इमारत पडली, पुस्तक राहिलं

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. ज्यांनी स्वतः घर बांधलं, त्यांना या तीन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या घरांच्या आठवणी बाकीची मंडळी लिहिणारच आहेत. म्हणून मी जरा लांबची गोष्ट सांगणार आहे. अडीचशे वर्षांपूर्वीची, लंडनमधली, चार भावांची आणि त्यांतल्या दोघांनी काढलेल्या एका पुस्तकाची. लांबची वाटली तरी ती शेवटी आपल्या ऑफिसमधल्या लोखंडी कपाटापर्यंत येते, हे आधीच सांगून ठेवतो.

पुस्तकाचं नाव ‘द वर्क्स इन आर्किटेक्चर ऑफ रॉबर्ट अँड जेम्स अ‍ॅडम’. म्हणजे या दोन भावांनी केलेल्या वास्तूंचा सचित्र संग्रह. पहिला भाग १७७३ साली निघाला. मूळ प्रती आता मोठ्या ग्रंथालयांत आणि श्रीमंत संग्राहकांकडेच सापडायच्या. माझ्याकडे आहे ते पुनर्मुद्रण. मी वास्तुतज्ज्ञ नाही, उभा जन्म बँकेत गेला. पण कर्जाच्या फायलींतून घरांचे नकाशे वाचायची सवय लागली आणि निवृत्तीनंतर तिचाच छंद झाला.

रॉबर्ट अ‍ॅडमचा जन्म १७२८ चा, स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डी गावचा. वडील विल्यम अ‍ॅडम हे त्या काळचे नावाजलेले वास्तुरचनाकार. घरातच धंदा असल्याने मुलं त्यातच वाढली. १७५४ मध्ये रॉबर्ट इटलीला गेला. त्या वेळी युरोपभर एकाच गोष्टीची चर्चा होती. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही रोमन शहरं उकरून काढायचं काम सुरू झालं होतं. हर्क्युलेनियमचं १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचं १७४८ मध्ये. तोपर्यंत रोमन लोकांची देवळं, स्नानगृहं, कमानी एवढंच लोकांना ठाऊक होतं. राजेलोकांची आणि साध्या माणसांची घरं आतून कशी होती, भिंतींना रंग कोणता, छताला नक्षी कसली, हे कोणी पाहिलंच नव्हतं. ते आता डोळ्यांसमोर येऊ लागलं.

रॉबर्टच्या मनात हाच प्रश्न होता. म्हणून १७५७ मध्ये तो एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या स्पालाटो या गावी गेला. आज हे गाव क्रोएशियात आहे आणि त्याला स्प्लिट म्हणतात. तिथे रोमन सम्राट डायोक्लेशनचा भला मोठा राजवाडा होता. त्या वाड्याच्या भिंतींना टेकून, खांबांच्या मधल्या जागेत, शेकडो वर्षांत लोकांनी आपली घरं उभी केली होती. आपल्याकडे जुन्या सरदारी वाड्यात बिऱ्हाडं वसतात ना, तसंच. रॉबर्टने बरोबरच्या माणसांसह पाच आठवडे मुक्काम ठोकून मापं घेतली. तिथल्या व्हेनिसच्या अधिकाऱ्याला हा हेर वाटला आणि त्याने काम बंद पाडायचा प्रयत्न केला. परका माणूस फीत घेऊन तटबंदी मोजतोय म्हटल्यावर संशय येणारच! ओळखीपाळखीने ते निस्तरलं. १७६४ मध्ये त्या राजवाड्याच्या अवशेषांचं मोठं चित्रमय पुस्तक निघालं आणि ते राजा तिसऱ्या जॉर्जला अर्पण केलं गेलं. पुस्तक हे उत्तम ओळखपत्र असतं, हे रॉबर्टला तेव्हाच कळलं असावं.

या सगळ्यातून जी शैली घडली तिला आज नवअभिजात शैली म्हणतात. जुन्या ग्रीक-रोमन वास्तूंचं प्रमाण आणि नक्षी घ्यायची, पण नव्या माणसाच्या नव्या घरासाठी वापरायची. अ‍ॅडम बंधूंच्या आधी इंग्लंडातल्या बड्या घरांत आतसुद्धा देवळासारखे जाडजूड खांब आणि जड कोरीव काम असे. या भावांनी ते हलकं केलं. पातळ वेलबुट्टी, फुलांच्या माळा, लंबगोल पदकं, चुन्याच्या गिलाव्यातली नाजूक नक्षी. आणि मुख्य म्हणजे भिंत, छत, गालिचा, आरसा, शेकोटीची चौकट, टेबल हे सगळं एकाच हाताने आखलेलं. आज आपण ‘इंटिरियर’ हा शब्द सहज वापरतो. घराचा सांगाडा आणि आतली सजावट एकाच डोक्यातून यावी हा विचार या भावांनी जितका नेटाने अमलात आणला, तितका त्यांच्या आधी इंग्लंडात क्वचितच कोणी आणला असेल.

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे येतो. ते एकदम निघालं नाही. मासिकासारखे भाग निघत गेले आणि गिऱ्हाईक ते भाग गोळा करून बांधून घेई. पहिल्या खंडाचे पाच भाग १७७३ ते १७७८ या काळात आले. दुसरा खंड १७७९ मध्ये आणि तिसरा दोघेही भाऊ गेल्यानंतर १८२२ मध्ये. आकार असा मोठा, की दोन्ही हात लावल्याशिवाय पान उलटत नाही. मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांत शेजारी शेजारी छापलेला. इंग्लंडबाहेरच्या गिऱ्हाइकालाही कळलं पाहिजे ना!

चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली आहेत. कारागीर पत्र्यावर रेघ न् रेघ उलटी कोरत असे. मग शाई भरायची, वरची पुसून टाकायची म्हणजे ती फक्त खाचेत राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून जड रुळाखालून काढायचा. कागद खाचेतली शाई उचलतो आणि पत्र्याच्या कडेचा दाबही कागदावर उमटतो. जुन्या अस्सल चित्रात ही दबलेली कड बोटाला लागते. अ‍ॅडम बंधूंनी या कामाला त्या काळचे नामवंत कोरक्ये लावले होते. बार्तोलोत्सी होता, आणि काही चित्रं तर रोमच्या अवशेषांची चित्रं काढून जगप्रसिद्ध झालेल्या पिरानेसीने स्वतः कोरली.

पहिल्या भागात लंडनजवळचं सायन हाऊस आहे, नॉर्थम्बरलंडच्या ड्यूकचं. ते मुळात जुनं घर. खोल्यांच्या जमिनी एका पातळीत नव्हत्या. दुसरा कोणी असता तर ‘फोडा आणि भरा’ म्हणाला असता. रॉबर्टने तिथे पायऱ्या आणि खांब असे बसवले की तो उंचसखलपणा मुद्दाम केल्यासारखा दिसावा, आणि पुस्तकात ते सांगितलंही. त्याच भागात जेवणाच्या खोलीविषयी एक मजेदार मुद्दा आहे. इंग्रज पुरुष जेवणानंतर तिथेच बराच वेळ बोलत बसतात, म्हणून ती खोली नीट सजवायला हवी. पण भिंतींना रेशमी कापड किंवा पडदे लावायचे नाहीत. का? तर कापडात खाण्याचा वास धरून राहतो. म्हणून तिथे चुन्याची नक्षी, मूर्ती आणि चित्रं. ड्यूकचं घर असलं तरी फोडणीचा प्रश्न सगळीकडे सारखाच!

दुसऱ्या भागात केनवुड आहे, न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांचं लंडनच्या उत्तरेचं घर. त्याच्या ग्रंथालयाच्या छताबद्दल लिहिताना भावांनी कारण देऊन सांगितलंय की मधल्या चौकटींना फिकट गुलाबी आणि हिरवा रंग दिला, कारण सगळं छत पांढरं असलं की डोळ्यांवर येतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. पाचव्या भागात तर राणीसाठी आखलेली, माणसांनी वाहून न्यायची खुर्ची आहे आणि रशियाच्या सम्राज्ञीसाठी केलेल्या वाद्याची पेटीसुद्धा.

इतकं देखणं पुस्तक पाहून कोणालाही वाटेल की लेखक सुखात लोळत असतील. प्रत्यक्षात पहिला भाग निघाला तेव्हा चारही भाऊ गळ्यापर्यंत कर्जात होते. त्याला कारण एक गृहनिर्माण योजना.

१७६८ मध्ये जॉन, रॉबर्ट, जेम्स आणि विल्यम या भावांनी टेम्स नदीकाठी, स्ट्रँड रस्त्याच्या खालच्या अंगाला, उतारावरची एक पडकी जागा घेतली. सेंट अल्बन्सच्या ड्यूककडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला १,२०० पौंड भाड्याने. नाव ठेवलं ‘अ‍ॅडेल्फी’. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ भाऊ. उतार भरून काढायला नदीकाठी विटांच्या प्रचंड कमानी आणि त्यांखाली तळघरं बांधली, आणि त्यांच्या डोक्यावर नदीकडे तोंड करून अकरा घरांची सलग रांग. एकसारखी, सुबक, एकाच राजवाड्यासारखी दिसणारी. प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक तिथे राहायला आला आणि १७७९ मध्ये त्याच घरात वारला.

बँकेत गृहप्रकल्पाची फाइल समोर आली की आम्ही तीन प्रश्न विचारायचो. जमीन कोणाची, पैसा कोणाचा आणि परतफेड कशातून. अ‍ॅडेल्फीची फाइल मी तपासली असती तर? जमीन भाड्याची. पैसा उसनवारीचा. आणि परतफेड? तळघरं सरकारला कोठारं म्हणून भाड्याने द्यायची आणि वरची घरं भराभर खपवायची, हा हिशेब. पण भरतीच्या वेळी नदीचं पाणी तळघरांत शिरू लागलं आणि सरकारने ती घेतली नाहीत. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे अंथरुणच ओलं निघालं.

तेवढ्यात जून १७७२ उजाडला. लंडनमधल्या एका पेढीचा भागीदार अलेक्झांडर फोर्डाइस याने ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअर्सवर सट्टा खेळून पेढीचे पैसे घालवले आणि फ्रान्सला पळून गेला. पेढी बुडाली. त्या काळी व्यापाराचा गाडा हुंड्यांवर चाले. एकाची हुंडी दुसऱ्याने स्वीकारायची, दुसऱ्याची तिसऱ्याने. साखळीतली एक कडी तुटली की सगळ्यांवर पाळी. महिनाअखेरीस स्कॉटलंडमधल्या एअर बँकेनेही पैसे देणं थांबवलं. स्थापना होऊन तीनच वर्षं झाली होती आणि तिने कर्जं हात सैल सोडून वाटली होती. अ‍ॅडम बंधूंचा पैसा आटला. काम थांबलं आणि हजारो मजूर एका झटक्यात रिकामे झाले. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने त्याच महिन्यात अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथला लिहिलेल्या पत्रात या भावांबद्दल हळहळ व्यक्त केली. पण ही योजना आपल्याला पहिल्यापासून अविचाराची वाटत होती, असंही त्याने लिहिलं.

भावांनी हात वर केले नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जमवलेली चित्रं आणि जुन्या मूर्ती लिलावात काढल्या. संसदेकडून खास कायदा करून घेऊन मार्च १७७४ मध्ये लॉटरी काढली. ५० पौंडांचं एक अशी ४,३७० तिकिटं, म्हणजे एकूण २,१८,५०० पौंड. बक्षिसं म्हणजे अ‍ॅडेल्फीतलीच घरं. दिवाळखोरी टळली.

आणि याच दोन वर्षांच्या मधोमध, १७७३ मध्ये, पुस्तकाचा पहिला भाग बाजारात आला. बाजारात पत गेलेल्या माणसाकडे काय उरतं? त्याचं केलेलं काम. ते लोकांपुढे मांडायचं. एका अर्थी ती जाहिरातच होती, पण खोटी नव्हती. प्रत्येक पानाला कुठे ना कुठे एक उभी भिंत जामीन होती.

चौथा भाग, १७७६ चा, सार्वजनिक इमारतींचा आहे. त्यातली एक एडिनबराचं रजिस्टर हाऊस, म्हणजे स्कॉटलंडचं दप्तरखाना. तिचा पाया १७७४ मध्ये घातला. त्याआधी त्या देशाचे कागद दमट तळघरांत सडत होते. १६६० मध्ये तर लंडनहून परत आणताना जहाजासकट बरेच दस्तऐवज समुद्रात बुडाले होते. म्हणून रॉबर्टने मधोमध मोठा घुमट आणि भोवती दगडी कमानींच्या खोल्या अशी इमारत आखली. मध्ये पैसे संपले आणि कित्येक वर्षं ती अर्धवट, बिनछपराची, कबुतरांनी भरलेली उभी होती. आपल्यालाही असे सांगाडे माहीत आहेत! पण पुढे काम पूर्ण झालं आणि आजही ती त्या देशाचे कागद सांभाळते आहे.

१७९२ मध्ये रॉबर्ट वारला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये त्याला पुरलं, हा मोठा मान. पण फॅशन बदलली होती. अ‍ॅडमची नक्षी जुनाट वाटू लागली. त्याच्या कचेरीतली रेखाचित्रं घरच्यांकडे पडून होती. अखेर १८३३ मध्ये ती सुमारे नऊ हजार रेखाचित्रं सर जॉन सोन याने २०० पौंडांना विकत घेतली. सोन म्हणजे गवंड्याचा मुलगा, पुढे पंचेचाळीस वर्षं बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुरचनाकार. बँकेशी संबंधित माणसाने कागदाची किंमत ओळखली, याचा मला जरा जास्तच आनंद होतो. ती रेखाचित्रं लंडनमध्ये सोनच्या संग्रहालयात आजही आहेत. गंमत अशी की सोनने बांधलेली बँकेची इमारत मात्र राहिली नाही. विसाव्या शतकात बाहेरची भिंत ठेवून आतलं बहुतेक पाडून नवं बांधलं.

अ‍ॅडेल्फीचंही तेच झालं. बर्नार्ड शॉ जिथे पंचवीसहून अधिक वर्षं राहिला, ती नदीकाठची घरांची रांग १९३६ मध्ये पाडली. तिथे ऑफिसांची मोठी इमारत आली. मागच्या गल्ल्यांत थोडी घरं उरली आणि गॅरिकच्या दिवाणखान्याचं छत तेवढं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलं. बाकी सगळं कागदावर.

केनवुडचं नशीब मात्र चांगलं. ते जनतेसाठी राखलं गेलं. तिथल्या ग्रंथालयाच्या छतावर मधल्या काळात वेगळे रंग आणि सोनेरी मुलामा चढला होता. अलीकडे दुरुस्ती निघाली तेव्हा जाणकारांनी रंगाचे थर एकेक करून तपासले आणि मूळचे फिकट रंग परत आणले. २०१३ मध्ये घर पुन्हा खुलं झालं. मघाशी जे वाक्य लक्षात ठेवा म्हटलं, ते गुलाबी-हिरव्या रंगाचं वाक्य तिथे साक्षीला उभं राहिलं. बांधणाऱ्याने स्वतः लिहून ठेवलं होतं, म्हणून सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी वादाला जागाच उरली नाही.

आपल्या मुंबईतही या युगाची एक मोठी खूण उभी आहे. फोर्टमधला टाऊन हॉल, एशियाटिक लायब्ररीची ती इमारत. कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याने आखलेली, १८३३ मध्ये पूर्ण झालेली. तीस पायऱ्या आणि समोर डोरिक पद्धतीचे आठ खांब. ग्रीसमधली देवळं मोजून काढलेली चित्रमय पुस्तकं त्या काळी इंग्रज अभियंत्यांच्या हाताशी असत, म्हणूनच अथेन्सचा खांब मुंबईच्या बंदराशेजारी उभा राहू शकला. आणि तिथेही सुरुवातीला पैसा लॉटरीने उभारायचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही, शेवटी सरकारने भर घातली. घर बांधणाऱ्यांच्या कुंडलीत हा योग असतोच की काय कोण जाणे!

आता कपाटाकडे येतो. आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. प्लास्टर बोलायला लागलंय. दोन वर्षांपूर्वी बी विंगमधली गळती शोधायला तीन ठिकाणी भिंत फोडावी लागली, कारण आतली पाइपलाइन कुठून गेली आहे याचा नकाशा ऑफिसमध्ये नव्हता. अजून काही वर्षांनी मोठी दुरुस्ती करायची की पुनर्विकास, हा विषय सर्वसाधारण सभेत येणारच. तेव्हा आपल्या हातात काय असेल? मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीच्या अभिहस्तांतरणाचा दस्त, कॉलम-बीमच्या लोखंडाचे नकाशे, पाण्याच्या आणि विजेच्या लाइनींचे आराखडे हे सगळं एका जागी असेल, तर समोरच्याशी बरोबरीने बोलता येतं. नसेल, तर समोरचा सांगेल ते क्षेत्रफळ खरं मानावं लागतं.

म्हणून माझी एक विनंती. ज्यांच्याकडे बुकिंगच्या वेळचं माहितीपत्रक, फ्लॅटचा मूळ नकाशा, पझेशनच्या वेळचे फोटो असतील, त्यांनी त्यांच्या प्रती ऑफिसमध्ये द्याव्यात. ज्यांनी घरात भिंत काढली, नळाची लाइन हलवली, त्यांनी काय बदललं ते एका कागदावर लिहून तारीख-सही करून द्यावं. भांडण काढायला नव्हे, पुढच्याला कळावं म्हणून. सगळ्याची यादी करायला मी बसतो. वाउचर लावायची चाळीस वर्षांची सवय आहे, त्याचा तेवढा तरी उपयोग होऊ दे. रोज संध्याकाळी पाच ते सहा मी ऑफिसमध्ये असेन.